उभ्या गाडीच्या इंजिनात पाणी येतं कुठून?

थंडी पडली की पुण्या-नाशकातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये सकाळचा एक कार्यक्रम ठरलेला असतो. घरात नवी गाडी आलेली असते, पण वडिलांच्या वेळची मारुती ८०० किंवा झेन कुणाला विकवत नाही. ती कोपऱ्यात उभी. मग "बंद पडून राहायला नको" म्हणून कुणीतरी चावी घेऊन खाली येतं, चोक असेल तर ओढतं, स्टार्टर मारतं, पाच मिनिटं इंजिन जागच्या जागी घुरघुरू देतं आणि बंद करून वर चहाला जातं. महिनाभर हे नेमाने चालतं. मग एखाद्या रविवारी ऑइल बघावं म्हणून इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरचं ऑइल भरायचं झाकण फिरवलं, तर आतून पिवळट-पांढरा, लोण्यासारखा चिकट थर.

फोटो गॅरेजवाल्याला पाठवला की उत्तर लगेच येतं: "ऑइलमध्ये पाणी मिक्स झालंय साहेब, हेड खोलावं लागेल." कधी कधी हे खरंही असतं आणि त्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. पण हिवाळ्यात, कमी चालणाऱ्या गाडीत, फक्त झाकणाला लागलेला थर म्हणजे बहुतेक वेळा हेड गॅस्केट (कूलंट आणि ऑइल एकमेकांत जाऊ न देणारं इंजिनातलं सील) गेलं असं नसतं. तो थर इंजिनाच्या काळजीपोटी केलेल्या त्या रोजच्या पाच मिनिटांचा असतो. गाडी नुसती उभी राहिली असती तर तो इतका जमलाही नसता.

पाणी आलं कुठून, असं विचारलं तर दहातले नऊ जण सांगतील, हवेतून. रात्री गारठा पडतो, दव पडतं, गाडीच्या काचेवर जमतं तसंच इंजिनात जमतं. ऐकायला पटतं. आता जरा हिशोब करू. २५ अंश तापमानाची हवा पाण्याने अगदी गच्च भरलेली असली, तरी तिच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २३ ग्रॅम बाष्प मावतं. घनमीटर म्हणजे हजार लिटर. लहान गाडीच्या इंजिनाच्या पोटात, ऑइलच्या वर, फार तर पाच-सात लिटर हवा असते. तिच्यातलं सगळंच्या सगळं बाष्प गार होऊन गळालं तरी जमणार तीन-चार थेंब. शिवाय जानेवारीत पुण्याची दुपारची हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात. त्या हवेतून झाकणाखाली लोण्याचा थर जमेल, हे जरा अवघडच आहे.

खरं पाणी पेट्रोलमधून येतं. पेट्रोलमध्ये पाणी मिसळलेलं असतं असं नाही. पेट्रोल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन. ते जळताना कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि हायड्रोजनचं पाणी होतं. किती? एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. पहिल्यांदा ऐकताना विश्वास बसत नाही, पण हवेतला ऑक्सिजन त्यात येऊन मिळतो म्हणून वजन वाढतं. सकाळी सायलेन्सरमधून पाणी ठिबकताना दिसलं की "गाडीचं अ‍ॅव्हरेज चांगलं आहे" असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. अ‍ॅव्हरेजचा त्यात फारसा संबंध नाही. सायलेन्सर गार आहे आणि त्यातून जाणारी वाफ तिथेच पाणी होते आहे, एवढाच त्याचा अर्थ. पाइप तापला की तीच वाफ न दिसता निघून जाते.

लहान इंजिन जागेवर उभं राहून तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल पितं. थंडीत, चोक ओढलेला असताना थोडं जास्तच. म्हणजे पाच मिनिटांत पन्नास-साठ मिलिलिटर, आणि तेवढंच पाणी. एका कटिंग चहाएवढं. हवेतले तीन-चार थेंब कुठे आणि हे कुठे! सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत तर प्रकरण आणखी पुढे जातं, कारण त्या वायूत हायड्रोजनचं प्रमाण पेट्रोलपेक्षा बरंच जास्त असतं. एक किलो सीएनजी जळला की दोन किलोहून जास्त पाणी तयार होतं. त्यामुळे किट बसवलेल्या जुन्या गाडीचं झाकण थंडीत पांढरं दिसलं तर आधी शांतपणे चहा प्या आणि मग पुढे वाचा.

यातलं बहुतेक पाणी सायलेन्सरच्या वाटेने जातं हे खरं. पण सगळं नाही. पिस्टनला रिंगा असतात, तरी पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधून थोडा जळका वायू खाली चेंबरकडे, म्हणजे ऑइल साठतं त्या इंजिनाच्या पोटाकडे, निसटतोच. गॅरेजमध्ये याला 'बॅक कम्प्रेशन' म्हणतात. नव्या, तापलेल्या इंजिनात हे प्रमाण अगदी थोडं असतं. गार इंजिनात पिस्टन पुरता फुगलेला नसतो, त्यामुळे फट मोठी असते. जुन्या इंजिनात रिंगा झिजलेल्या असतात. जुनं आणि गार या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की चेंबरमध्ये जाणारा वायू वाढतो, आणि त्यात वाफ असतेच.

आता ही वाफ आत आली. इंजिन पुरेसं गरम असेल तर ती टिकत नाही. टॅपेट कव्हरवरून एक रबरी नळी एअर फिल्टरकडे किंवा मॅनिफोल्डकडे (सिलिंडरमध्ये हवा नेणाऱ्या नळ्यांकडे) गेलेली दिसेल, तो ब्रीदर पाइप. इंजिन स्वतःच्या ओढीने चेंबरमधला वायू त्या नळीतून खेचून घेतं आणि पुन्हा जाळून टाकतं. पूर्वीच्या गाड्यांमध्ये हा वायू सरळ खाली रस्त्यावर सोडायचे. कॅलिफोर्नियात धुरक्याचा त्रास हाताबाहेर गेल्यावर १९६०च्या दशकात तो परत इंजिनात नेण्याची ही सोय गाड्यांवर आली. हेतू हवा स्वच्छ ठेवण्याचा होता, पण त्यामुळे इंजिन आतून कोरडं राहू लागलं हा फायदाही काही कमी नाही.

ही सगळी यंत्रणा उष्णतेवर चालते. ऑइल ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत पोचलं आणि तिथे काही काळ राहिलं, तर त्यात मिसळलेलं पाणी उडून वर येतं आणि ब्रीदरमधून निघून जातं. इथे एक फसगत होते. डॅशबोर्डवरचा काटा रेडिएटरच्या पाण्याचं तापमान दाखवतो, ऑइलचं नाही. पाणी लवकर तापतं, ऑइल बरंच मागाहून. काटा मधोमध आला म्हणून खूश होऊन इंजिन बंद केलं, तेव्हा चेंबरमधलं ऑइल जेमतेम कोमट झालेलं असू शकतं. पाच मिनिटांच्या घुरघुरीत तर काटाही धड हलत नाही. म्हणजे इंजिनात पाणी घालण्याचं काम पुरं होतं आणि ते बाहेर काढण्याचं सुरूच होत नाही.

थर नेमका झाकणालाच का लागतो? कारण झाकण इंजिनाच्या सगळ्यात वर, बाहेरच्या गार हवेला लागून असतं. वाफ वर चढते, तिथल्या गार पत्र्यावर किंवा प्लास्टिकवर पाणी होते आणि उडणाऱ्या ऑइलच्या तुषारांत घुसळली जाते. ऑइल आणि पाणी एरवी मिसळत नाहीत, पण इंजिन ऑइलमध्ये मळ धरून ठेवण्यासाठी जी रसायनं घातलेली असतात ती पाणीही धरून ठेवतात. त्यामुळे पांढरं लोणी तयार होतं.

झाकणावरचं लोणी स्वतः फारसं नुकसान करत नाही. पुसलं की गेलं. नुकसान करतं ते खाली ऑइलमध्ये राहिलेलं पाणी. जळक्या वायूत नायट्रोजनची ऑक्साइडं असतात, ती पाण्यात मिसळली की आम्ल होतं. पूर्वी पेट्रोलमधल्या गंधकामुळे यात गंधकाच्या आम्लाचीही भर पडायची. एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधन आल्यावर गंधक १० पीपीएमवर (दहा लाख भागांत दहा भाग) आलं, त्यामुळे ती बाजू बरीच हलकी झाली. ऑइलमध्ये आम्ल मारणारी द्रव्यं असतात, पण ती संपत जातात. त्यानंतर बेअरिंग, कॅमशाफ्ट, सिलिंडरची भिंत यांवर बारीक खड्डे आणि गंज दिसू लागतात. "गाडी वर्षात हजार किलोमीटरही चालली नाही, मग ऑइल कशाला बदलायचं?" हा प्रश्न जितका रास्त वाटतो तितकाच चुकीचा आहे. रोज हायवेला पळणाऱ्या गाडीचं ऑइल किलोमीटरवर बदला. उभ्या गाडीचं वर्षातून एकदा बदलाच, ओडोमीटर काहीही म्हणो.

चोकचा आणखी एक त्रास. गार इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, ते चोक ओढल्यावर मिळतं, पण त्यातलं सगळं जळत नाही. उरलेलं सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली चेंबरमध्ये उतरतं. ऑइलची पट्टी काढून पाहिल्यावर पातळी चढलेली दिसली आणि पट्टीला पेट्रोलचा वास आला, तर ऑइल पातळ झालंय. "बघा, माझी गाडी ऑइल अजिबात पीत नाही," असं कौतुकाने सांगणाऱ्या मालकांपैकी काहींच्या गाड्यांत हेच चाललेलं असतं.

थर्मोस्टॅटचा प्रश्न

माझ्या मते आपल्याकडच्या जुन्या गाड्यांमध्ये ओलाव्याचं सगळ्यात दुर्लक्षित कारण हे आहे. कधीतरी मे महिन्यात कसारा घाटात गाडी तापलेली असते. कुणीतरी निदान करतं, थर्मोस्टॅट अडकलाय. नवा बसवण्याऐवजी तो काढून फेकून दिला जातो, वर "आपल्या हवेला त्याची गरजच नाही" असा दाखलाही मिळतो. गाडी तापायची थांबते, सगळे खूश.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधलं दार. पाणी ऐंशी अंशांच्या आसपास जाईपर्यंत ते बंद राहतं, त्यामुळे इंजिनातलं थोडंसं पाणी आतल्या आतच फिरतं आणि पटकन तापतं. मग दार उघडतं. हे दारच काढून टाकलं तर पहिल्या मिनिटापासून पाणी रेडिएटरमध्ये जाऊन गार होत राहतं. निफाडचा पारा पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत अशी गाडी हायवेवर तासभर पळवली तरी काटा 'सी'च्या, म्हणजे थंडच्या खुणेजवळच लोळत राहील. मग ऑइलमधलं पाणी उडणार कसं? जो सल्ला पुढे देणार आहे, गाडी लांब फिरवून आणा, तो या गाडीला पुरता लागूच पडत नाही.

तुमच्या गाडीत थर्मोस्टॅट आहे की नाही हे हाताने कळतं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या बाजूला येणाऱ्या जाड होजवर हात ठेवा. सैल बाही, ओढणी, लोंबतं काही फॅनजवळ नको. थर्मोस्टॅट धड असेल तर होज बराच वेळ गारच राहतो आणि मग थोड्या वेळात एकदम चटका बसण्याइतका तापतो. नसेल तर पहिल्यापासून हळूहळू कोमट होत जातो. जुन्या गाडीवर केलेला खर्च वसूल होईल अशी फार कामं नसतात, थर्मोस्टॅट बसवणं हे त्यातलं एक आहे. रेडिएटरमध्ये नळाचं किंवा बोअरचं पाणी असेल तर त्याच फेरीत ते काढून कूलंट घाला.

ब्रीदर पाइपही त्याच वेळी काढून बघायला सांगा. जुन्या गाड्यांत तो काळ्या चिकट मळाने अर्धा बुजलेला किंवा रबर कडक होऊन तडकलेला असतो. काही गाड्यांत त्याच्या तोंडाशी छोटा पीसीव्ही वॉल्व, म्हणजे वायू एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, असतो. तो काढून कानाजवळ हलवला की आत खुळखुळ वाजायला हवी. वाजला नाही तर अडकलाय. टोरांटोला किंवा शिकागोला राहणाऱ्यांना तर ही नळी जपावीच लागते. उणे वीसमध्ये तिच्यातला ओलावा गोठून बर्फाचा बूच बसतो, आतला दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या सीलमधून बाहेर पडतं. आपल्याकडे बर्फ नाही, पण मळाचा बूच तेच काम जरा सावकाश करतो.

मग हेड खरंच गेलंय का?

झाकणावरून निकाल देऊ नका, पट्टी बघा. झाकण पांढरं आणि पट्टीवरचं ऑइल तपकिरी, पारदर्शक, नेहमीसारखं असेल तर काळजीचं कारण थोडं. पट्टीवरच दुधाच्या चहासारखा रंग असेल तर गाडी सुरू करू नका, टो करून न्या. बाकीच्या खुणाही जुळवून बघाव्यात: कूलंट कुठेही गळत नसताना दर आठवड्याला कमी होतं का, इंजिन पूर्ण तापल्यावरही पांढरा धूर चालूच राहतो का, रेडिएटरमध्ये बुडबुडे किंवा वर तेलाचा तवंग दिसतो का. रेडिएटरचं झाकण मात्र गार असतानाच उघडायचं. गरम असताना उघडून तोंड भाजून घेतलेले लोक गॅरेजमध्ये नेहमी भेटतात.

ऑइलमध्ये पाणी आहे की नाही यासाठी जुने मेकॅनिक एक सोपी परीक्षा करतात. लोखंडाचा एखादा भंगार तुकडा चांगला तापवायचा, आचेपासून आणि गाडीपासून दूर नेऊन त्यावर पट्टीवरून ऑइलचा एकच थेंब टाकायचा. पाणी असेल तर तडतडतं, नसेल तर नुसता पसरून धुरावतो. डोळ्यांना चष्मा हवा आणि आसपास पेट्रोल नको. या परीक्षेतून पाणी आहे एवढंच कळतं. ते जळण्यातून आलंय की कूलंटमधून, हे नाही. त्यासाठी झाकण स्वच्छ पुसा, गाडी हायवेला न्या, परत येऊन पुन्हा उघडा. नाशिकहून इगतपुरीपर्यंत जाऊन आल्यावर झाकण कोरडं राहिलं तर हेड खोलायची गरज नाही. थर पुन्हा तसाच आला आणि थर्मोस्टॅटही जागेवर आहे, तर मेकॅनिकचं म्हणणं ऐकायची वेळ आली.

आता करायचं काय. गाडी अधूनमधून चालवणं शक्य असेल तर दहा-पंधरा दिवसांतून एकदा पाऊण तास रस्त्यावर काढा. काटा मधोमध आल्यानंतर किमान वीस मिनिटं तरी, आणि तीही वरच्या गिअरमध्ये. बँकेत आणि भाजी आणायला नेऊन आणली, हे यात मोजायचं नाही. त्या फेऱ्या पार्किंगमधल्या पाच मिनिटांच्याच बहिणी. आणि एवढं जमणार नसेल तर गाडी अजिबात सुरू करू नका. लोकांना हेच सगळ्यात जड जातं. इंजिनाचा आवाज ऐकला की गाडी जिवंत आहे असं वाटतं, म्हणून ते सुरू करतात. दोन महिने शांत उभं असलेलं इंजिन रोज अर्धवट तापवलेल्या इंजिनापेक्षा आतून कोरडं असतं.

महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर ठेवण्याआधी ऑइल बदला, परत आल्यावर नव्हे. जुनं आम्लट ऑइल बेअरिंगवर सहा महिने बसू देण्यात काय शहाणपण! ऑइल बदलल्यावर एकदा लांब फेरी मारा आणि गरम असतानाच बंद करून ठेवा. इंजिन थांबतं तेव्हा कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचा एक्झॉस्ट वॉल्व उघडा राहू शकतो, आणि ओल्या सायलेन्सरमधली दमट हवा थेट त्या सिलिंडरच्या भिंतीपर्यंत पोचते. म्हणून सायलेन्सर शेवटच्या फेरीत पूर्ण कोरडा होणं महत्त्वाचं. त्याच्या पोटाला खालून एखादं बारीक भोक असेल तर ते पाणी जायला मुद्दाम ठेवलेलं असतं. ते वेल्डिंगने बुजवून घेऊ नका.

टाकी फुल करून ठेवावी का, यावर पैजा लागतात. मला या वादात फार दम वाटत नाही. टाकीत तीस लिटर हवा असली आणि दिवस-रात्रीत पंधरा अंशांचा फरक पडला, तरी रोज आत-बाहेर होते ती जेमतेम दीड लिटर हवा. त्यातून महिन्याला एक ग्रॅमही पाणी जमणार नाही. मात्र जुनी टाकी पत्र्याची असते आणि उघडा पत्रा गंजतो, म्हणून लांब मुक्कामाला फुल ठेवली तर बिघडत नाही. खरी काळजी टाकीच्या झाकणाच्या रबराची. आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, पेट्रोल मिळतं. त्यातलं इथेनॉल थोडं पाणी सामावून घेतं, पण गाडी धुताना किंवा पावसात पाणी झिरपत राहिलं आणि मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. गारव्यात ही मर्यादा आणखी खाली येते. कार्बोरेटरची गाडी असेल तर त्याच्या वाटीतलं पेट्रोल जाळून संपवूनच ठेवा, नाहीतर आत डिंक आणि पांढरी खर बसते.

वरून प्लास्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, जमिनीतली ओल तिच्याखाली कोंडते. कापडी कव्हर घाला. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. हँडब्रेक ओढून ठेवला तर लायनर ड्रमला गंजाने धरून बसतात, त्यापेक्षा पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाखाली वीट लावा. उंदरांवर खात्रीचा उपाय मला अजून भेटलेला नाही.

पुन्हा काढताना ऑइलची पातळी बघा. मल्टीपॉइंट इंजेक्शनची गाडी असेल तर फ्यूल पंपाचा फ्यूज काढून पाच-सात सेकंद स्टार्टर मारा, म्हणजे पेट घेण्याआधी ऑइल वर चढेल. कार्बोरेटरवाली गाडी वाटी भरेपर्यंत आपसूकच तेवढा वेळ घेते. सुरू झाली की जागेवर रेस करत बसू नका, मिनिटभरात सरळ गेटबाहेर काढा आणि पहिले काही किलोमीटर सावकाश चालवा. ब्रेक सुरुवातीला घासल्यासारखे वाजतील, डिस्कवरचा गंज निघाला की थांबतील. चाकाखालची वीट मात्र आधी आठवणीने काढा.